घाटाच्या गाण्याचं तिसरं कडवं

तालायने कीबोर्ड गालिच्यावर मांडला, वायर भिंतीत खुपसली आणि आईला म्हणाला, "आपा, आता तू गायचंस."

बुरुल बोरसोक तळत होती. पिठाचे तुकडे कढईत फुगत होते आणि तिने मान वर केली नाही. बाहेर घाट बंद होता. हल्ली बर्फ काढायला यंत्रं आली आहेत, तरी मार्च लागला की डोंगर एकदा तरी हट्टाला पेटतोच. चार-सहा दिवस रस्ता अडवून बसतो. तालायची गाडी स्पीकरांनी भरलेली, अंगणात तशीच उभी होती. एरवी हा मुलगा आईकडे एक रात्र टिकत नसे. डोंगराने अडवला म्हणून तेवढा सापडला होता.

कुठलं गाणं, हे विचारायची गरज नव्हती. 'घाट उघडला' येत नाही असा माणूस नारीनच्या खोऱ्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पोरं ते बालवाडीत शिकतात, नवरा-नवरी त्यावर नाचतात, दारुडे ते रस्त्यात म्हणतात आणि राजधानीतले बसवाले इतक्या मोठ्याने लावतात की उतरणाऱ्याचा थांबा निघून जातो. जुन्या एका सिनेमातलं गाणं. सिनेमा आता कुणाला आठवत नाही, गाणं मात्र काही मरत नाही. यंदा त्याला पन्नास वर्षं होत होती. टीव्हीवाल्यांनी मोठा जलसा ठरवला होता: ज्यांनी ज्यांनी ते गाऊन नाव कमावलं, ते सगळे एका रंगमंचावर. तालायच्या बँडला शेवटची जागा मिळाली होती. जन्मभर लग्नांत वाजवलेल्या माणसाला हे थोडंथोडकं नव्हतं. त्याने नवीन बांधणी केली होती. सुरुवातीला सगळी वाद्यं गप्प, आणि एका म्हातारीचा नुसता आवाज, खेड्यातला, फाटका. सध्या त्याचीच चलती आहे म्हणे.

"मला नाही येत," बुरुल म्हणाली.

"आपा, अख्ख्या देशाला येतं."

"मग अख्ख्या देशाला गायला लाव."

तालाय हसला, पण त्याने कीबोर्ड बंद केला नाही. एका बोटाने चाल वाजवत राहिला. बुरुलने पुढचा घाणा कढईत सोडला. पन्नास वर्षं ती चाल कानावर पडत होती, तरी तिची काही सवय झाली नव्हती. कारण गाणं तिचंच होतं. तिचं आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचं.

नवऱ्याचं नाव मेदेर. हे आपण म्हणायचं. तिने ते कधी तोंडातून काढलं नाही. नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आणि नवरा मेला म्हणून काही ती मोकळी होत नसते. जिवंत होता तेव्हा ती त्याला "अहो ऐकलंत का" म्हणायची. मेल्यावर "माझा ससाणा" म्हणायला लागली. मयताच्या घरी कोशोक, म्हणजे मेलेल्याचं रडगाणं, म्हणताना बायका असंच काहीतरी म्हणतात.

मेदेर ट्रक चालवायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फेब्रुवारीत तो घाटापलीकडे पेंढा आणायला गेला आणि मागून बर्फाचा कडा कोसळला. पलीकडे कितीतरी गाड्या अडकून पडल्या. तो त्यांच्यात आहे की बर्फाखाली, हे कुणालाच सांगता येईना. मे महिन्यात घाट उघडला. एकेक ट्रक भोंगे वाजवत गावात उतरला आणि बायका दुधाचे वाडगे घेऊन रस्त्यावर धावल्या. बुरुलही धावली. तिच्या पोटात तेव्हा मूल होतं. सगळे ट्रक उतरले, रस्ता रिकामा झाला, आणि ती वाडगा घेऊन उभी होती.

त्याच दिवशी अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहिला. तिला काळे कपडे घातले, तोंड भिंतीकडे करून बसवलं. माणूस भेटायला आला की पुरुषांनी बाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडायचा आणि बाईने आत कोशोक म्हणायचा. शब्द तिचे तिने जुळवायचे. बुरुलला कुणी शिकवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आलं.

*घाट उघडला, बर्फ ओसरलं,*
*ज्याची त्याची गाडी आली.*
*माझ्या ससाण्या, तुझी तेवढी*
*कुठल्या वळणाला राहिली?*

*चहा ओतला, निवून गेला,*
*पुन्हा ओतला, पुन्हा निवला.*
*दाराकडे बघता बघता*
*माझाच उंबरा मला परका झाला.*

*पोटात इवले पाय हलतात,*
*विचारतात, ते आले का?*
*काय सांगू मी, सांगून जा रे,*
*नाही म्हणू का, हो म्हणू का?*

पलटणीच्या पलटणी येऊन रडून जायच्या. नणंद उमसुन शेजारी बसायची आणि शेवटची ओळ तिच्याबरोबर धरायची. जूनमध्ये मेदेरचं प्रेत मिळालं, पुरलं, आणि कोशोक चालूच राहिला. तो वर्षभर चालतो. वर्ष भरलं की घोडा कापून मोठं जेवण घालतात, विधवेचे काळे कपडे उतरवून डोक्यावर पांढरा रुमाल बांधतात, आणि त्या दिवशी कोशोक गिळायचा. पुन्हा म्हणायचा नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथे कोशोक म्हणणं म्हणजे मरणाला आवतण देणं.

मेदेरला पुरलं त्याच उन्हाळ्यात सिनेमावाले आले. वरच्या कुरणावर त्यांनी डेरा टाकला. त्यांचा संगीतकार होता नूरूस नावाचा, सडपातळ, टक्कल पडू लागलेला, वागायला रीतसर. परक्या गावात पाय ठेवला की आधी सुतकाच्या घरी जायचं असतं, तसा तो गेला. बाहेर हंबरडा फोडला, आत येऊन बसला, कोशोक ऐकला आणि निघून गेला. पुन्हा आला, साखर घेऊन. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने सरळ विचारलं की वहिनी, हे मी सिनेमात घेऊ का.

सासू चिडली. पण बुरुलने हो म्हटलं. लोभ नव्हता, भीडही नव्हती. तिचा हिशेब साधा होता, आणि असा हिशेब कोशोक म्हणणाऱ्या घरातलीच बाई करू जाणे. वर्ष भरलं की तिचं तोंड बंद होणार होतं. मग त्याला कोण रडणार? सिनेमाला काही वर्ष भरत नाही. जिथे जिथे तो लागेल तिथे कुणीतरी बाई पडद्यावर उभी राहून त्याच्यासाठी रडेल, गावोगाव, कायमची. तिने एवढंच विचारलं, "सगळं घ्याल ना?"

नूरूसने पावावर हात ठेवून शप्पथ घेतली. "शब्दही वगळणार नाही," तो म्हणाला.

सिनेमा दोन वर्षांनी गावच्या क्लबात लागला. तालायला मांडीवर घेऊन बुरुल दुसऱ्या रांगेत बसली होती. पडद्यावर एक कोवळी नटी पांढरी टोपी घालून कुरणावर उभी राहिली. आवाज दुसऱ्याच कुणाचा, मागे शंभर व्हायोलिनं. घाट उघडला, बर्फ ओसरलं. ससाण्याच्या जागी "माझ्या राजा" आलं होतं. बुरुलने तेही पोटात घातलं. दुसरं कडवं झालं. तिने तालायचा पाय हातात धरला, आता याचं येणार म्हणून. आणि पडद्यावर एक घोडा दौडत निघाला, तुताऱ्या वाजल्या, गाणं संपलं.

सिनेमातली नायिका कुमारिका होती. तिच्या पोटात पाय कसे हलणार? दिग्दर्शकाने कडवं कापलं, आणि पावावर ठेवलेला हात नूरूसने खिशात घातला. पुढे त्याला मानाची पदकं मिळाली आणि हे गाणं आपल्याला एका झऱ्याच्या आवाजातून सुचलं असं तो रेडिओवर सांगू लागला. तो झरा दुसऱ्या रांगेत बसून पोराला पाजत होता हे त्याला नक्की ठाऊक होतं.

बुरुलने सांगायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. कुणाला सांगणार? कोशोकची चाल कुणाच्या मालकीची नसते. ज्याचं मेलं त्याची ती. गावातल्या बायकांना सुरुवातीला अभिमानच वाटला, मग त्या विसरल्या, मग एकेक करून मेल्या. उरली एक उमसुन, आणि उमसुन घरची गोष्ट वेशीवर टांगणाऱ्यांतली नव्हती.

पण तालायला तरी सांगायचं. हाच तिचा खरा सल होता. पोराने बाप पाहिला नव्हता. फोटो एकच होता, लायसन्सवरचा, तो बर्फात भिजून गेला. सहा-सात वर्षांचा असताना तालाय विचारायचा की आपा, माझे वडील कसे होते, आणि बुरुल म्हणायची, उंच होते. याहून तिला सांगता येत नसे. सांगण्यासारखं सगळं कोशोकमध्ये होतं आणि कोशोक म्हणायची बंदी. मोठा झाला की सांगू, असं ती ठरवायची. पोर मोठं झालं आणि त्याच्याबरोबर गाणंही वाढत गेलं.

शाळेत त्याने तेच गाणं म्हणून पहिलं बक्षीस आणलं. त्या दिवशी कसं सांगायचं, की बाळा, तू मर्तिकाचं गाणं म्हणून बक्षीस आणलंस? मग राजधानीच्या एका हॉटेलातल्या वादकांनी त्याला ठेका लावला आणि लोक चाल लांबवून लांबवून कमरेत हात घालून नाचू लागले. मग अफगाणिस्तानातून परतलेली पोरं ते गिटारवर रशियनमध्ये म्हणू लागली. त्यात घाट तिकडचा होता आणि न आलेली गाडीही तिकडची. त्या पोरांचा बुरुलला कधी राग आला नाही. मग शेजारच्या देशातल्या, अल्माटीच्या एका गायिकेने ते आपल्या आजीचं म्हणून गायलं, आणि दोन्हीकडच्या विद्वानांनी वर्तमानपत्रांत एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. आयत्या बिळावर एवढे नागोबा की बिळालाही आठवेना आपण कुणी खणलं. मग कॅसेटी आल्या, कीबोर्डातच यंत्राचा ढोल आला, आणि गाणं लग्नांत शिरलं ते आजतागायत निघालं नाही.

तालायच्या स्वतःच्या लग्नात नवरा-नवरीचा पहिला नाच त्याच गाण्यावर झाला. सून ऐपेरी, गोरीपान, लाजत पाय टाकत होती. बुरुल उठून मागच्या अंगणात गेली आणि भांडी घासत बसली. आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. सांगायचं काय, की तुमचा संसार विधवेच्या रडण्यावर सुरू झाला? आणि त्यानंतर तर तालायचं पोटच त्या गाण्यावर भरू लागलं. दर शनिवारी कुठल्यातरी मांडवात तो आपल्या बापाचा कोशोक वाजवायचा, लोक टाळ्या द्यायचे, आणि घरी आई गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

हे सगळं बोरसोक काढता काढता तिच्या मनातून गेलं, आणि तालाय अजून एका बोटाने वाजवतच होता.

"चार ओळी, आपा. फोनवर घेतो, पाच मिनिटांचं काम. पुढचं मी बघतो."

"घरात म्हणत नाहीत ते."

"कोण म्हणत नाही? सिनेमाचं गाणं आहे."

"मला नाही गायचं."

तालायने कीबोर्ड बंद केला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुला माझं वाजवणं कधी आवडलंच नाही," तो म्हणाला. "मी हे गाणं सुरू केलं की तू उठतेस. लहानपणापासून बघतोय. माझ्या लग्नात भांडी घासायला गेलीस. कुठली आई पोराच्या लग्नात भांडी घासते?"

बुरुलने झारा खाली ठेवला. सगळं ओठांवर आलं. आणि मग तिला दिसलं की चार दिवसांनी हा एवढ्या माणसांसमोर उभा राहणार आहे; आज सांगितलं तर तिथे याची बोटं चालायची नाहीत, किंवा हा जायचाच नाही. आयुष्यात एक मान मिळाला पोराला. तो त्याला मिळू दे. पन्नास वर्षं थांबलेलं आणखी चार दिवसांत नासत नाही.

"वाजवून ये," ती म्हणाली. "परत आलास की या गाण्याचं तुला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही. तुझ्या वडिलांबद्दल आहे."

तालाय तिच्याजवळ सरकला. आईने आपणहून वडिलांचा विषय काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. "वडिलांचा आणि या गाण्याचा काय संबंध?"

"म्हटलं ना, आलास की."

"शप्पथ?"

"पावाची."

तो हसायला लागला. केस पिकले होते तरी हसताना त्याचं तोंड लहानपणासारखं वाकडं व्हायचं. "जन्मभर थांबलो," तो म्हणाला, "अजून आठवडा थांबतो." दुसऱ्या दिवशी घाट उघडला. बुरुलने बोरसोकची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी राहिली.

जलसा तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. या गाण्याला ती न उठता बसल्याची ही पहिलीच वेळ. म्हातारी झालेली सिनेमातली नटी आली आणि लोक उभे राहिले. हॉटेलवाले आले, गिटारवाले आले, अल्माटीची बाई आली, चामड्याच्या कोटातली एक मुलगी येऊन नुसतीच बोलल्यासारखं काहीतरी करून गेली. शेवटी तालाय आला, आणि त्याच्याबरोबर त्याचा गायक सामात. जिथे म्हातारीचा आवाज यायचा होता तिथे तालायने दुसऱ्या कुणालाच गायला लावलं नव्हतं. एका बोटाने, खालच्या पट्टीत, तो नुसती चाल वाजवत होता, सावकाश, आणि सामात हात बांधून थांबला होता. चार ओळींची जागा तशीच रिकामी सोडलेली. बुरुलला कळलं की ही जागा आपली आहे. आल्यावर सांगायचं आणि मग गायचंही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. एखाद्या कोशोकने मरण येत नसतं, ती स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमसुन जोडे न काढता आत आली. ऐंशीला टेकलेली बाई, उभ्या जन्मात कुणाच्या गालिच्यावर जोड्याने चढली नव्हती. बुरुलने तिच्या पायांकडे पाहिलं आणि तिला कळलं, फक्त कोण ते कळायचं होतं.

जलसा संपल्यावर सभागृहाच्या मागच्या दाराशी तालाय गाडीत स्पीकर चढवत होता. जरा बसतो म्हणाला. स्पीकरवर बसला आणि तसाच कलंडला. डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं.

वर पुन्हा बर्फ पडलं होतं. त्याला आणणारी गाडी घाटाच्या पलीकडे रात्रभर अडकली आणि अलीकडे अंगणात तंबू उभा राहिला. तोच तंबू, दोरखंडं तेवढी नवी. बुरुलला भिंतीकडे तोंड करून बसवलं. एका बाजूला उमसुन. जागा तीच, पाठीला लागणारा वारा तोच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सारखी एकच म्हणत होती, की मी शप्पथ घेतलीय, मला त्याला सांगायचंय. आणि बायकांना वाटत होतं की म्हातारीला भ्रम झाला.

सकाळी घाट उघडला. तालायची गाडी भोंगा न वाजवता गावात उतरली. त्याला आणून पडद्याआड निजवलं. ऐपेरी काळे कपडे घालून सासूच्या बाजूला येऊन बसली. ती नुसती श्वास ओढत होती. शहरातली पोरगी, कोशोक तिला येत नव्हता. बाहेर सामात आणि बँडची पोरं कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर वाकून उभी होती. गावचा तरुण मुल्ला दाराशी येऊन हळूच म्हणाला की मोठ्याने रडल्याने मयताला त्रास होतो, दुआ म्हणा.

"तू जन्मलास तेव्हा तुझी नाळ मी कापली," उमसुन आतून म्हणाली. "तेव्हा तू मोठ्याने रडलास, कुणाला त्रास नाही झाला. जा, बाहेर उभा राहा."

मग सगळ्या बुरुलकडे वळल्या. आईची पाळी होती. बुरुलने तोंड उघडलं.

दुसरं काही येईचना. तिने शोधलं, घोड्याचं, चिनाराचं, तुटलेल्या आधाराचं, बायका म्हणतात तसलं काही. पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं तेच दाराशी उभं होतं. घाट उघडला, बर्फ ओसरलं, असं तिने धरलं, आणि तंबूत चुळबुळ झाली. मागे बसलेल्या चुलत सुनेने तिचा खांदा धरला.

"एजे, हे नका," थोरलीला हाक देत ती कुजबुजली. "सिनेमाचं आहे हे. लोक काय म्हणतील? लग्नातलं गाणं मयतावर म्हणतात का?"

कुणीतरी बाहेर हुंदका देता देता थांबलं. एका पोरीने सवयीने ओठ हलवले आणि लाजून मान खाली घातली. बुरुल एकदम गप्प झाली. तिला वाटलं, लोकांनी नेलं सगळं. नवऱ्याला कुणी रडावं म्हणून दिलं होतं, आता पोराला रडायलाही त्यांनी शिल्लक ठेवलं नाही. आणि दिलं तर आपणच दिलं. असं दुःख तिला मेदेर गेला तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा निदान आवाज तरी तिचा होता.

उमसुनने तिचा हात घट्ट धरला. "तिसरं म्हण," ती म्हणाली. "ते कुणाकडे नाही."

बुरुलने भिंतीकडे बघत म्हटलं.

*पोटात इवले पाय हलतात,*
*विचारतात, ते आले का?*

तंबूत माना वर झाल्या. हे कुणाच्या कॅसेटीत नव्हतं, कुठल्या मांडवात कुणी वाजवलं नव्हतं. चाल तीच, पण नाचता येणार नाही अशी. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती तुटत होती आणि मग कळत होतं की ती मुळात अशीच होती. चुलत सुनेचा हात खांद्यावरून गळून पडला. ऐपेरीने मान वळवून सासूकडे पाहिलं. शेवटच्या ओळीला उमसुनचा फाटका सूर खालून लागला, जसा तेव्हा लागायचा. बाहेर सामातची काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. हजार वेळा ते गाणं गायलेला माणूस. हे पाय कुणाचे, ते त्याला समजलं होतं, आणि तो पडद्याआडच्या मित्राला हाका मारत रडायला लागला.

बुरुल थांबली नाही. आता शब्द आपोआप येत होते.

*घाट उघडला, बर्फ ओसरलं,*
*या खेपेला गाडी आली.*
*विचारत होता, त्याला सांगते,*
*सांगायची रे वेळ झाली.*

*उंच होते ते, हात उबदार,*
*तुझ्यासारखंच वाकडं हसायचे.*
*घोटभर चहा उभ्यानेच घेऊन*
*'आलोच' म्हणत निघायचे.*

मग चाल सुटली. ती नुसतं बोलली, भिंतीशी, चारचौघींत, आणि लग्नाच्या दिवसापासून जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. तिने नवऱ्याचं नाव घेतलं.

"मेदेर," ती म्हणाली. "मेदेर, तुझा मुलगा आलाय. त्याला घे. त्याला सारखी निघायची घाई असते, सावकाश ने."

म्हाताऱ्या बायका होत्या तिथे, पण तिला कुणीही टोकलं नाही. उमसुनने तिचा घसरलेला रुमाल सारखा केला. बाहेर नवीन माणसं आली, हंबरडा उठला, आणि आलेल्यांसाठी कोशोक पहिल्यापासून म्हणायला हवा होता. बुरुलने तो पहिल्यापासून धरला, तिन्ही कडवी, एकही शब्द न गाळता. पावाची शप्पथ होती, ती तिने पाळली. ज्याला सांगायचं होतं तो एका पडद्याच्या अंतरावर होता, आणि या खेपेला त्याने मधेच काही विचारलं नाही.